पिल्लू घर कुरतडते तेव्हा...

सायंकाळी कामावरून परतल्यावर दार उघडावे आणि समोर सोफ्यातील कापूस खोलीभर पसरलेला दिसावा, एका चपलेचा अंगठा नाहीसा झालेला असावा, रिमोटची बटणे फरशीवर विखुरलेली असावीत आणि या सगळ्याच्या मधोमध चार महिन्यांचे पिल्लू शेपूट हलवत उभे असावे, हा प्रसंग कुत्रे पाळणाऱ्या बहुतेक घरांनी एकदा तरी अनुभवलेला असतो. छत्रपती संभाजीनगरच्या हर्सूल परिसरात, जळगाव रस्ता आणि जटवाडा रस्ता यांच्या आजूबाजूला ज्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या, तेथे तर तो नवा राहिलेला नाही. प्रस्तुत लेखकाच्या घरीही तो घडला. त्या दिवशी बळी गेली ती एक हिमरू शाल. ती विणणारे हात शहरात आता मोजकेच उरले आहेत, त्यामुळे तिचे मोल पैशांत सांगणे कठीण. संताप आला, आवाज चढला, पिल्लू पलंगाखाली गेले. शाल मात्र होती तशीच फाटलेली राहिली, आणि चारच दिवसांनी त्याच दातांखाली पायपुसणे सापडले.

पिल्लाला रागावून काही उपयोग होत नाही, हे त्या चार दिवसांत कळले. का होत नाही, हे कळायला मात्र बराच वेळ लागला.

हर्सूल हे मुळात गाव. तलाव, मध्यवर्ती कारागृह आणि हरसिद्धी मातेचे मंदिर ही त्याची जुनी ओळख. गावात कुत्री होतीच, परंतु ती घरात नव्हती. कोणी ओसरीच्या कडेला, कोणी गोठ्याजवळ, कोणी शेतावर राखणीला. पिल्लाचे दात शिवशिवू लागले की त्याला उसाचे चिपाड, तुराटी, पऱ्हाटी, दोराचा तुकडा असे काही ना काही सापडत असे आणि त्याने काय कुरतडले याचा हिशेब कोणी ठेवत नसे. आज तेच पिल्लू दोन खोल्यांच्या सदनिकेत राहते. घरातील मोठी माणसे चिकलठाणा, शेंद्रा किंवा वाळूजच्या कारखान्यांत, मुले शाळेत, आणि पिल्लू सकाळी नऊपासून सायंकाळी सहापर्यंत एकटे. त्याच्या दातांची गरज तीच राहिली आहे. भोवतालची चिपाडे आणि तुराट्या मात्र गेल्या आणि त्यांच्या जागी चपला, चार्जर आणि सोफा आला.

या बदलाची किंमत अखेर पिल्लालाच मोजावी लागते. हौसेने आणलेले पिल्लू पाच-सहा महिन्यांचे झाले, नुकसान वाढत गेले, की घरात कुरबुर सुरू होते. मग त्याला गच्चीवर साखळीने बांधले जाते, "शेतावर देऊन टाकले" असे सांगितले जाते, किंवा एखाद्या रात्री गाडीत घालून गावाबाहेर सोडून दिले जाते. घरात वाढलेल्या पिल्लाला रस्त्यावरची कुत्री आपल्यात घेत नाहीत आणि वाहनांचे भान त्याला नसते. पाळीव जनावराला उपासमारीच्या हवाली करून असे टाकून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, हे सोडणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते, कोण जाणे. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, ही म्हण अशा वेळी हमखास ऐकू येते. शेपटाविषयी ती खरी असेलही. दातांविषयी ती साफ खोटी आहे.

दातांचे वेळापत्रक

पिल्लू जन्मते तेव्हा त्याला दात नसतात. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुधाचे दात येऊ लागतात आणि दोन महिन्यांपर्यंत त्यांची संख्या 28 होते. हे दात सुईसारखे टोकदार असतात, हे ज्यांच्या हाताला ते लागले त्यांना सांगण्याची गरज नाही. साडेतीन-चार महिन्यांच्या सुमारास समोरचे छोटे दात पडू लागतात, पाठोपाठ सुळे आणि दाढा बदलतात, आणि सहा-सात महिन्यांपर्यंत 42 कायमचे दात आलेले असतात. म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या अवधीत त्या लहानशा जबड्यातून 28 दात पडतात आणि 42 उगवतात. हिरड्या सुजतात, ठणकतात, खाजतात. काहीतरी दाबून चावले की बरे वाटते. या काळात चघळलेल्या वस्तूवर रक्ताचा एखादा ठिपका दिसला किंवा पडलेला दात पिल्लाने गिळून टाकला, तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र दुधाचा सुळा न पडता त्याच्या शेजारीच नवा सुळा आला असेल, तर पशुवैद्याला दाखवावे. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत हे विशेष आढळते.

परंतु दुखणाऱ्या हिरड्या हे या प्रकाराचे अर्धेच कारण होय. तान्हे मूल हाती येईल ते तोंडात घालते, तसेच पिल्लूही जगाची ओळख तोंडाने करून घेते, कारण त्याला हात नाहीत. शिवाय माणसाने शतकानुशतके निवड करून काही जातींत ही तोंडाची ओढ वाढवली आहे. शहरांत अतिशय लोकप्रिय असलेल्या लॅब्राडोरचे काम मुळात शिकाऱ्याने टिपलेला पक्षी तोंडात धरून आणून देण्याचे. त्याला दिवसभर तोंडात काहीतरी हवे असते, यात नवल ते काय? आणि दात पूर्ण आल्यावरही प्रश्न संपत नाही. सात-आठ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत, म्हणजे कुत्र्याच्या ऐन वयात येण्याच्या काळात, जबडा बळकट झालेला असतो, अंगात मस्ती असते आणि कुरतडण्याची दुसरी लाट येते. "दात येऊन गेले, आता थांबेल" या आशेवर असलेल्या मंडळींचा पहिला मोठा भ्रमनिरास येथेच होतो.

आणखी एक गोष्ट घर निवडण्याआधीच ठरलेली असते. आई आणि भावंडे यांच्यासोबत खेळताना पिल्लू दातांचा जोर आवरायला शिकते. जोरात चावले की भावंड किंचाळते आणि खेळ थांबतो, हा त्याचा पहिला धडा. महिन्याभराच्या पिल्लाला आईपासून तोडून आणले तर हा धडा राहून जातो आणि तो देण्याचे काम माणसांवर येते. केंद्र सरकारने 2017 साली केलेल्या कुत्र्यांच्या पैदास व विक्रीविषयीच्या नियमांत आठ आठवड्यांखालील पिल्लू विकण्यास मनाई आहे. "लहान आणले की लळा लागतो" असे म्हणून चार आठवड्यांचे पिल्लू हाती देणाऱ्या विक्रेत्याला हा नियम अवश्य विचारावा.

शिक्षा कोणाला, कशासाठी?

महाभारताच्या आदिपर्वात सरमा या कुत्रीची कथा आहे. जनमेजयाच्या सत्रात तिचा मुलगा आला असता राजाच्या भावांनी त्याला बदडले. तो रडत आईकडे गेला. तू काही अपराध केला असशील, असे आई म्हणाली. आपण हविर्द्रव्याला तोंड लावले नाही, त्याकडे पाहिलेसुद्धा नाही, असे त्याने सांगितले. सरमा यज्ञस्थळी गेली आणि माझ्या मुलाला का मारले, असा तिने जाब विचारला. कोणीही उत्तर दिले नाही. तेव्हा, निरपराध्याला मारलेत म्हणून न दिसणारे भय तुमच्यावर येईल, असा शाप तिने दिला. महाभारतासारखा ग्रंथ ज्या कथांनी उघडतो त्यांत ही एक असावी, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

घरोघरच्या पिल्लांची तक्रार काहीशी अशीच असते. त्यांनी चप्पल फाडलेली असते हे खरे, पण ती दुपारी दोन वाजता. मार बसतो सायंकाळी सहा वाजता. कुत्र्याच्या मनात कृती आणि तिचा परिणाम यांची सांगड क्षणा-दोन क्षणांत बसते. चार तासांनी बसत नाही. त्याला एवढेच कळते की, मालक घरी आला की मारतो. काही दिवसांनी दाराची कडी वाजताच ते कान पाडून, अंग चोरून बसते आणि आपण म्हणतो, "बघा, चूक केली हे त्याला बरोबर कळते!"

ते तसे कळत नाही, हे न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातील संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात दिसून आले. 14 कुत्र्यांच्या मालकांनी खाऊला तोंड लावायचे नाही असे कुत्र्याला बजावून खोलीबाहेर जायचे. मग कधी खाऊ कुत्र्याच्या पोटात जाई, कधी काढून घेतला जाई, आणि परतलेल्या मालकाला काय घडले ते कधी खरे, कधी खोटे सांगितले जाई. "अपराधी" मुद्रेचा संबंध कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही याच्याशी नव्हताच. तो मालक रागावला की नाही याच्याशी होता. उलट, ज्यांनी काहीच खाल्ले नव्हते आणि तरीही ज्यांना बोलणी खावी लागली, त्यांच्या चेहऱ्यावर तो भाव अधिक ठळकपणे उमटला. सरमेचा मुलगा आणि होरोविट्झ यांची कुत्री यांची साक्ष अशी जुळते.

नुकसान केवळ आपल्याच वाट्याला येते असेही नाही. 1936 साली अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेक यांच्या सेटर जातीच्या पिल्लाने, एका रात्री एकटे असताना, 'ऑफ माइस अँड मेन'च्या हस्तलिखिताचा जवळजवळ अर्धा भाग फाडून टाकला. दुसरी प्रत नव्हती. दोन महिन्यांचे काम पुन्हा करावे लागले. स्टाइनबेक यांनी पिल्लाला किरकोळ शिक्षा केली आणि कादंबरी पुन्हा लिहायला घेतली. 1937 साली ती प्रसिद्ध झाली. हस्तलिखित पिल्लाच्या तोंडाला लागेल असे ठेवणारा पिल्लाव्यतिरिक्त आणखी कोणीतरी होता, एवढे मात्र या ठिकाणी नमूद करावेसे वाटते.

आधी घर आवरावे

म्हणून पहिला उपाय पिल्लावर करायचा नसून घरावर करायचा आहे. एकदा जमिनीवर गुडघे टेकून, पिल्लाच्या उंचीवरून आपले घर पाहावे. चपला दाराबाहेर किंवा झाकणाच्या कपाटात, मोजे धुण्याच्या टोपलीत आणि टोपली उंचावर, वायरी फर्निचरच्या मागे किंवा प्लास्टिकच्या पट्टीत. प्रत्येक वेळी चप्पल मिळाली आणि मजा आली, की सवय तेवढी पक्की होते. वस्तू मिळालीच नाही तर सवय लागतच नाही. घरातील लहान मुलांना वस्तू जागच्या जागी ठेवण्याचे वळण लावण्याचे काम आईवडिलांना वर्षानुवर्षे जमत नाही, ते पिल्लू महिन्याभरात करून दाखवते, हा त्यातला न मागता मिळणारा लाभ.

केवळ काढून घेऊन मात्र भागत नाही, कारण गरज शिल्लक राहते. तिला योग्य वस्तू द्यावी लागते, आणि येथे एक चूक सर्रास होते. "ही जुनी झाली, ही त्याला देऊ" म्हणून फाटकी चप्पल पिल्लापुढे टाकली जाते. जुनी चप्पल आणि परवा गुलमंडीवरून आणलेली नवी चप्पल यांतील फरक पिल्लाला कसा कळावा? दोन्हींना चामड्याचा आणि मालकाच्या पायाचा तोच वास. त्याच्या वस्तू आपल्या वस्तूंसारख्या दिसू नयेत, हे पथ्य पाळावे.

दात येण्याच्या दिवसांत गारवा आवडतो. शीतकपाटातील थंडगार गाजर, किंवा पाण्यात भिजवून, पिळून, दोरखंडासारखा वळून बर्फात घट्ट केलेला स्वच्छ पंचा हिरड्यांना आराम देतो. पंच्याचे धागे सुटू लागले की तो काढून घ्यावा. आतून पोकळ असलेले भक्कम रबरी खेळणे मिळते. त्यात मऊ दहीभात किंवा भाकरीचा कुस्करा भरून ते गोठवून दिले, तर अर्धा-पाऊण तास पिल्लू त्यात गुंतून राहते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशीच्या पुढे गेल्यावर, या गोठवलेल्या दहीभाताइतके प्रिय त्याला दुसरे काही नसते, हा स्वानुभव. भातात कांदा किंवा लसूण मात्र असू नये. दोन्ही कुत्र्यांना बाधतात. पुठ्ठ्याचे खोके किंवा अंड्यांचा कागदी ट्रे फाडायला दिला तरी चालतो. कचरा होतो, पण तो झाडूने निघतो.

वस्तू किती कठीण असावी याची कसोटी सोपी आहे. अंगठ्याचे नख दाबून पाहावे. नखाचा थोडा ठसा उमटला तर ती दातांना योग्य. वाळलेली हाडे, शिंगे, खूर इतके टणक असतात की वरच्या बाजूची मोठी दाढ त्यांच्यावर फुटू शकते. शिजवलेली हाडे तर मुळीच देऊ नयेत. त्यांच्या टोकदार चिरफळ्या होतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात. कोंबडीचे उरलेले हाड कुत्र्याला टाकण्याची आपली पिढ्यानपिढ्यांची रीत आहे. ती मोडलेली बरी.

नको ती वस्तू तोंडात सापडलीच तर काय करावे? धावू नये. माणूस मागे लागला की पिल्लाला तो खेळ वाटतो आणि पुढच्या वेळी ते मुद्दाम चप्पल घेऊन समोर येते. जबडा उचकटून वस्तू ओढूही नये. असे वारंवार झाले की पिल्लू वस्तू लपवू लागते, गुरगुरू लागते आणि काही वेळा घाईघाईने गिळून टाकते. त्याऐवजी सौदा करावा. नाकाजवळ खाऊचा तुकडा धरावा, तोंड उघडले की "दे" म्हणावे, खाऊ द्यावा आणि लगेच त्याचे स्वतःचे खेळणे हाती द्यावे. ते चघळू लागले की कौतुक करावे. हा सराव घरातील सगळ्यांनी सारखाच केला पाहिजे. वडील खाऊ देतात, आजोबा काठी उगारतात आणि मुले पळापळ करतात, अशा घरात पिल्लू गोंधळून जाते. कडू चवीचे फवारे बाजारात मिळतात आणि टेबलाच्या पायांना ते काही अंशी उपयोगी पडतात, पण काही पिल्ले तेही चाटून मोकळी होतात. लाल तिखट लावण्याचा घरगुती उपाय कोणी सांगितला तर ऐकू नये. डोळ्यांत आणि नाकात तिखट गेलेले पिल्लू धडा घेत नाही, फक्त तळमळते.

बोटे चावणाऱ्या पिल्लाबाबतही रीत तीच. खेळता खेळता दात लागला की हात झटकायचा नाही, उठून अर्धा मिनिट पाठ फिरवायची. खेळ थांबतो हे त्याला पुरते. दात रुतून रक्त आले किंवा ओरखडा उठला, तर पिल्लू कितीही लहान आणि घरचे असो, जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावे. रेबीजच्या बाबतीत अनमान करू नये.

एकटेपणाचे दिवस

दिवसभर बंद घरात राहणाऱ्या पिल्लाला सायंकाळी पाच मिनिटे फिरवून आणले, की त्याचे समाधान होत नाही. लसीकरणाची पहिली मालिका पूर्ण झाल्यावर, पशुवैद्याच्या सल्ल्याने, त्याला सकाळी बाहेर न्यावे. हर्सूल तलावाच्या दिशेने जाणारा रस्ता पहाटे शांत असतो. अंतर फार नसले तरी चालेल, पण त्याला थांबून हुंगू द्यावे. हुंगण्याने त्याचा मेंदू थकतो, आणि थकलेला मेंदू सोफ्याच्या वाटेला जात नाही. उन्हाळ्यात मात्र सातच्या आत परतावे. आपल्या हाताचा मागचा भाग पाच सेकंद डांबरावर टेकवता येत नसेल, तर ते त्याच्या पंजांनाही सोसणार नाही.

याच्या उलट बाजूही ध्यानात ठेवावी. पिल्लाला दिवसाकाठी सोळा ते वीस तास झोप लागते. रात्री दहा वाजता घरभर वेड्यासारखे धावत सुटलेले आणि दिसेल ते चावणारे पिल्लू बहुधा खेळ मागत नसते, तर पेंगुळलेल्या तान्ह्या मुलासारखे किरकिरत असते. त्याला शांत कोपऱ्यात नेऊन ठेवावे.

घरी कोणी नसेल तेव्हा जाळीचे कुंपण लावलेला एक कोपरा किंवा सुरक्षित केलेली एक खोली त्याची असावी: पाणी, अंथरूण, खेळणी, आणि बाकी काही नाही. ही जागा शिक्षेची नव्हे. तेथे जेवण आणि खाऊ मिळाला की ती त्याला आवडू लागते. तीन-चार महिन्यांच्या पिल्लाला तीन-चार तासांहून अधिक वेळ एकटे ठेवू नये. नोकरदार कुटुंबाला हे अवघड आहे हे मान्य. दुपारी शेजारच्या एखाद्या आजी-आजोबांनी किंवा शाळेतून परतलेल्या मुलांनी डोकावण्याची सोय होत नसेल, तर पिल्लाऐवजी दोन-तीन वर्षांचे शांत कुत्रे दत्तक घेण्याचा विचार करावा, असे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

मालक बाहेर पडताच दाराची चौकट ओरबाडणे, सतत भुंकणे-रडणे, लाळ गाळणे, अन्नाला तोंडही न लावणे ही मात्र साध्या कुरतडण्याची लक्षणे नव्हेत. ती विरहाची भीती असते. घरात मोबाइल ठेवून पहिल्या अर्ध्या तासाचे चित्रण केले की हा फरक लगेच कळतो. अशा पिल्लाला खेळणे पुरत नाही. एक मिनिट, तीन मिनिटे, दहा मिनिटे असा एकटेपणाचा सराव करावा लागतो आणि पशुवैद्याची मदतही.

पोटात गेले तर...

चप्पल फाटली तर दुसरी येते. खरी चिंता वेगळी आहे. आंब्याची कोय, दाणे खाऊन टाकलेले मक्याचे कणीस, मोजा, सुईसकट दोरा या वस्तू पिल्लाच्या आतड्यात अडकतात आणि पोट उघडून काढाव्या लागतात. मे महिन्यात कोयी आणि पावसाळ्यात भुट्टे घरात असताना कचऱ्याच्या डब्याला झाकण हवेच. रिमोटमधील चकतीच्या आकाराचे सेल अन्ननलिका जाळतात. डांबरगोळ्या, उंदरांचे औषध, माणसांच्या वेदनाशामक गोळ्या, चॉकलेट, मनुका, साखरविरहित च्युइंगममधील झायलिटॉल ही सारी कुत्र्यांना विषारी आहेत. अंगणात कण्हेर असेल तर पिल्लाला तिच्यापासून दूर ठेवावे; तिची पाने, फुले, फांद्या सगळ्यांतच विष असते.

असे काही पोटात गेल्याचे कळताच मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याच्या फंदात पडू नये. मिठाने स्वतंत्र अपाय होतो आणि जळजळीत वस्तू वर येताना पुन्हा जाळते. वस्तूचे वेष्टन हाती घेऊन थेट पशुवैद्य गाठावा. वारंवार उलट्या, अन्न टाकणे, शौच न होणे, पोट फुगणे यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नये, आतडे चिरते. वायर चावून विजेचा धक्का बसला असेल, तर आधी मुख्य बटण बंद करावे आणि मगच पिल्लाला हात लावावा. ते उठून चालू लागले तरी दवाखान्यात न्यावे, कारण फुप्फुसांत पाणी साठण्याचा त्रास काही तासांनंतर सुरू होऊ शकतो.

माती, भिंतीचा चुना, कापडाचे तुकडे असे काही पिल्लू केवळ चावत नसून नेमाने खात असेल, तर जंत, रक्तक्षय किंवा आहारातील उणीव यांची तपासणी करून घ्यावी. आणि दीड-दोन वर्षांपर्यंत नीट राहिलेले कुत्रे एकाएकी पुन्हा वस्तू कुरतडू लागले, तर तेही वाईट वळण समजू नये: दात किंवा हिरडी दुखत असेल, घरातील कोणी दूर गेले असेल, दिवाळीच्या फटाक्यांनी ते बिथरले असेल. त्याचे तोंड उघडून पाहण्यापासून सुरुवात करावी.